पाहुणे यायच्या आधी

नेता कसा घडतो, हे मला परभणीतल्या एका हॉटेलच्या सभागृहात शिकवण्यात आलं. वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून त्यांचा मनोरा उभारायचा, डोळ्यांना पट्टी बांधून मैत्रिणीच्या हाकेवर चालायचं आणि शेवटी गोल उभं राहून 'मी बदल घडवणार' असं छाती फुगवून ओरडायचं. ज्याचा मनोरा सगळ्यात उंच, त्याच्यात नेतृत्वगुण जास्त. आमच्या गटाचा मनोरा पंख्याच्या वाऱ्यानं आडवा झाला, तेव्हा सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जिल्ह्याचं भवितव्यच आडवं झालं होतं.

सर म्हणजे त्या उपक्रमाचे समन्वयक. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजातल्या निवडक मुलामुलींना घेऊन एका संस्थेनं हा उपक्रम काढला होता. वंचित मुलांना शिकवायचं आणि त्यातून स्वतःतला नेता घडवायचा, अशी एकूण कल्पना. मुलांचं काय घडणार, याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. शिवणक्लासात नव्या बाईच्या हाती आधी जुनं कापड देतात, तशी ती मुलं आमच्या हाती दिली होती. आमचा हात बसला की झालं.

घरी आईला टी-शर्ट दाखवला. पाठीवर 'उद्याचा नेता' असं छापलेलं. आईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आमी बी विहारात लहान पोरांना शिकवायचो. मोठ्या पोरींनी बारक्यांचं बघायचं, एवढंच. आमाला कुनी नेता म्हनलं न्हाई, अन् सदरा बी दिला न्हाई." मग तिनं त्याचं कापड चोळून पाहिलं आणि पहिल्या धुण्यातच रंग जाईल असं सांगितलं. गेलाही.

आम्हाला मिळाली ती पेडगावच्या अलीकडची वीटभट्टी. गंगाखेडकडच्या डोंगरातून दिवाळीनंतर तिथं कुटुंबं येतात, पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या करून राहतात आणि पाऊसकाळ जवळ आला की परत जातात. वीट थापायची ती पहाटेच्या गारव्यात. ऊन चढलं की माती लवकर सुकते, तडे जातात. म्हणून ही माणसं अंधारातच उठतात आणि दुपारच्या आधी कामाचा पहिला जोर संपवून, भाकरी खाऊन आडवी होतात. आमची वेळ ठरली होती दर रविवारी अकरा वाजता. सगळी भट्टी झोपायला टेकायची आणि आम्ही ढोलकी घेऊन 'चला चला शाळेला' म्हणत तिथं हजर. एक बाई झोपडीतून डोकं बाहेर काढून नुसती बघत राहायची. तिच्या डोळ्यांत आमच्याविषयी जे होतं, ते 'कृतज्ञता' म्हणून अहवालात गेलं असावं.

एकदा हात धुण्याच्या पायऱ्यांचं प्रात्यक्षिक झालं. तळवा, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं शास्त्रशुद्ध. पाणी घेतलं ते त्यांच्या प्यायच्या पिंपातलं, कारण दुसरं तिथं नव्हतंच. पिंप तळाला गेलं. फोटो मात्र सुरेख आले, थेंब न् थेंब दिसत होता. आमच्यात एक मुलगा सूत्रसंचालनात पटाईत होता. शेर, चारोळ्या, टाळ्यांचे आवाज काढणं, सगळं त्याला यायचं. त्यानं तिथल्या तिथं 'जल है तो कल है' असं माईकवर ठणकावलं. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना.

दोन रविवार गेल्यावर मी सरांना म्हटलं, "वेळ बदलू या. संध्याकाळी पाचला मुलं मोकळी असतात." सर म्हणाले, संध्याकाळी उजेड कमी असतो. मला आधी कळेना, शिकवायला उजेड कमी म्हणजे काय. नंतर कळलं, फोटोला.

मग मी एकटीच जायला लागले, आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, कॉलेज सुटलं की स्कूटी काढून. सरांनी बोलावून समज दिली, की गटाला सोडून एकटीनं जाणं संघभावनेत बसत नाही. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. खरं सांगायचं तर त्या उपक्रमात मी काही शिकले असेन तर ते इथं. ज्यांना शिकवायचं त्यांची वेळ विचारायची, आणि वरचा माणूस नाराज झाला तरी आपलं काम चालू ठेवायचं. हे त्या मनोऱ्याच्या खेळात नव्हतं.

तिथंच ती मला भेटली. पाचवीतली, काळीसावळी, केस कायम मातीनं भुरके. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचं नाव घातलं होतं. तिथल्या बाईंनी एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला तिला बसवलं होतं. ही परीक्षा वर्षातून एकदा, आणि पाचवीतच देता येते. निवड झाली तर सहावीपासून राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं तिथंच. म्हणजे दिवाळीनंतर भट्टीवर यायचं नाही, मध्येच शाळा सुटायची नाही. निवड नाही झाली तर काय, ते तिच्या थोरल्या बहिणीकडे पाहिलं की कळायचं. ती पंधराची होती, विटांचा साचा भरायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न होतं.

"ताई, मला तिथं झोपाया मिळंल का सकाळी?" तिनं मला एकदा विचारलं होतं. तिच्या दृष्टीनं शिक्षणाचा हा मोठाच फायदा होता आणि तो मलाही पटला.

अपूर्णांक तिला पटकन यायचे. उताऱ्यावरचे प्रश्न जड जायचे, कारण उतारे असायचे समुद्रकिनारा, वाढदिवस आणि आजोबांच्या बागेवर. मी गेले की आम्ही दर वेळी एक उतारा करायचो. तिचा बाप लांबून बघत असायचा. बोलायचा नाही, पण बल्बची वायर आमच्याकडे ओढून द्यायचा.

आता तिचं दुर्दैव असं, की तिचा आवाज गोड होता. एका रविवारी सरांनी तो ऐकला. उपक्रमाचा समारोप जवळ आला होता आणि समारोपाला मोठे पाहुणे यायचे होते. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला काही सांगायच्या आधी, काही दाखवायच्या आधी, त्याच्यापुढं नऊवारीतल्या मुली उभ्या करून स्वागतगीत म्हणावं लागतं. त्याशिवाय पाहुण्याला आपण आलोय हे कळत नाही. सरांनी हिला मधोमध उभं करायचं ठरवलं.

समारोपाची तारीख कळली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परीक्षेचाच शनिवार, तीच सकाळ. पेपर परभणीत साडेअकराला, आणि केंद्राचं फाटक अकराला बंद.

मी बैठकीत सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "काही अडचण नाही. पाहुणे दहाला येणार. स्वागतगीत पहिलंच आहे. सव्वादहाला मुलगी मोकळी. तू तिला स्कूटीवर घेऊन जा, आरामात पोचाल."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ही सगळी याच जिल्ह्यात जन्मलेली, इथल्याच सभामंडपांत लहानाची मोठी झालेली माणसं. पाहुणे वेळेवर आलेत असा एक कार्यक्रम यांच्यापैकी कुणी आयुष्यात पाहिला नव्हता. स्वतःच्या शाळेत, स्वतःच्या गल्लीत, भावाच्या साखरपुड्यात, प्रत्येकानं त्या खुर्च्यांवर तास तास काढलेले. तरी दहाचे पाहुणे दहाला येतील, यावर सगळ्यांचा विश्वास बसला. मी म्हटलं, "आणि उशीर झाला तर?" सूत्रसंचालक म्हणाला, "नेत्यानं नेहमी सकारात्मक राहावं."

मी तिच्या बापाकडे गेले. म्हटलं, तिला गाण्यात पाठवूच नका, सकाळीच घेऊन जाते. त्यानं हाताची माती धोतराला पुसली. मग म्हणाला, "मालकानंच मांडव टाकलाय ताई. पाहुनं मालकाच्या वळखीचं. मी कसं न्हाई म्हनू? गाऊ द्या तिला. मंग पळत जाऊ." मालकाच्या जमिनीवर त्याची झोपडी होती. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

शनिवारी नऊलाच भट्टीच्या मोकळ्या जागेत मांडव सजला. पुढे सोफा, त्यामागे खुर्च्या आणि सगळ्यांच्या मागे जमिनीवर सतरंजी, ती भट्टीवाल्यांसाठी. कार्यक्रम त्यांच्या मुलांचा, म्हणून त्यांना सगळ्यात मागची जागा. मुलींना भाड्याच्या नऊवाऱ्या नेसवल्या होत्या, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, पायात घुंगरू. गालांवर एवढी लाली थापली होती, की हिला मीही क्षणभर ओळखलं नाही.

दहा वाजले. पाहुणे निघाले होते. सव्वादहा वाजले. पाहुणे अजून निघतच होते. सूत्रसंचालक माईकवरून सांगत होता, "मान्यवर अवघ्या काही क्षणांत आपल्यात येत आहेत," आणि दोन सांगण्यांच्या मध्ये शेर म्हणत होता. मग कळलं, की झरीला कसलंसं उद्घाटन आहे, ते उरकून पाहुणे इकडे येणार. झरी एका दिशेला, आम्ही दुसऱ्या.

ती ओळीत उभी होती. रडत नव्हती, काही नाही. नुसती माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघायची, परत माझ्याकडे बघायची. तिला वेळ विचारायची होती आणि हलायची बंदी होती.

मी सरांकडे गेले. "सर, साडेदहा होत आलेत. मी तिला नेते."

"दोन मिनिटं थांब."

"सर, फाटक बंद होईल."

"नेतृत्व म्हणजे संयम," सर म्हणाले. हे त्यांनी खरंच म्हटलं. तोंडावरची माशीही न हलवता म्हटलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लपवायचं कारण नाही. मला त्या माणसाची किळस आली. आणि त्या सोफ्याची, त्या फेट्यांची, रांगोळीची, खुर्च्यांवर मूग गिळून बसलेल्या माझ्या सगळ्या उद्याच्या नेत्यांची. एवढे दिवस धाडसावर व्याख्यानं ऐकलेली ही मंडळी. त्यातल्या एकाला उठून एवढंच म्हणायचं होतं, की या पोरीला जाऊ द्या. प्रत्येक जण मोबाईलमध्ये बघत होता.

मी ओळीत शिरले आणि तिचा हात धरला. सूत्रसंचालक आडवा आला, "अगं, काय करतेस? मधली मुलगी गेली तर गाण्याचं काय?" त्याच्या हातातला माईक चालूच होता. मी म्हटलं, "हिचा पेपर आहे. पाहुण्यांना सांगा, पोरगी पेपरला गेली." ते सगळ्या मांडवात घुमलं. मालक सोफ्यावरून वळला. सरांचा चेहरा उतरला.

मागच्या सतरंजीवरून तिचा बाप उठला. त्याच्या हातात पिशवी होती, तिच्यात पेन, पट्टी, पाण्याची बाटली, तिचं प्रवेशपत्र. सकाळपासून ती पिशवी मांडीवर घेऊन तो बसला होता. मालकाच्या देखत तो मांडवातून चालत आला.  "चला ताई," म्हणाला.

एका स्कूटीवर तिघं, त्यात मधली नऊवारीत. पेडगाव रस्त्यावर लोक वळून बघत होते. कुणाचं तरी लग्न मोडून पळालोय, असंच त्यांना वाटलं असेल. केंद्रावर पोचलो तेव्हा शिपाई फाटकाची कडी लावायला आला होता. त्यानं तिला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "हे गॅदरिंग न्हाई, परीक्षा हाय."

"परीक्षेलाच आलेय," ती म्हणाली.

नथ काढून तिनं बापाच्या हातात दिली. घुंगरू काढायला वेळ नव्हता. ती छुम छुम करत पळत आत गेली. पहिल्या मजल्यावर परीक्षेवरच्या बाईंनी ते उतरवून घेतले, असं नंतर तिनं सांगितलं. गालावरची लाली घामानं प्रश्नपत्रिकेवर ठिबकत होती, तीही तिनं पदरानं टिपली. उतारा आला होता तो मधमाश्यांवर. "मधमाश्या मला ठावं हायत," ती म्हणाली.

आम्ही बाहेर लिंबाखाली बसून होतो तेव्हा माझा फोन सारखा वाजत होता. पाहुणे आले होते, बरोबर जेवणाच्या वेळेला. मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून मुलींना सरकवून घेतलं होतं आणि गाणं मोबाईलवर लावून त्यांना नुसते हातवारे करायला सांगितले होते. पाहुण्यांनी ते ऐकून मुलांच्या आवाजाचं कौतुक केलं.

पुढच्या बैठकीत माझं मूल्यमापन झालं. पुढाकार चांगला, पण संघभावना कमी, शिस्त कमी, वरिष्ठांचा आदर कमी. उत्कृष्ट युवा नेतृत्वाचा सत्कार सूत्रसंचालकाचा झाला, कारण एवढा मोठा वेळ एकट्यानं माईक धरून ठेवणं ही काही लहान गोष्ट नाही. तो पुढं जाईल, याबद्दल मला शंका नाही. अशांनाच पुढं जायला लावतात. मला ग्रुपमधून काढून टाकलं आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

मालकानं तिच्या बापाला भट्टीवरून हाकललं नाही. त्याच्या हाताला सफाई होती, हंगाम जोरात होता. आठवडाभर घालूनपाडून बोलला, एवढंच. मी संध्याकाळी जात राहिले.

निकाल लागला. तिची निवड झाली. शाळेतल्या बाईंनी फोन केला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते आणि तिथंच रडले. भट्टीवर गेले तर ती विटा पालथ्या करत होती. तिनं हात झटकले आणि माझ्या ओढणीला ते पुसले. तिच्या आईनं सगळ्या झोपड्यांत साखर वाटली.

मग काही दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, तिचा बाप परभणीला आला. तिच्यासाठी पेटी घ्यायची होती आणि मी दुकान दाखवणार होते. बसस्टँडकडून येताना चौकात एक भलामोठा फ्लेक्स लागलेला दिसला. वर पाहुणे, त्यांच्या खाली सर, बाजूला ओळीनं माझे सगळे उद्याचे नेते, गॉगल लावून. 'आमच्या उपक्रमाच्या विद्यार्थिनीची निवासी शाळेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' विद्यार्थिनीचं नाव कुठंच नव्हतं. कोपऱ्यात एका नऊवारीतल्या मुलीचा फोटो होता, तिच्या डोक्यावर पाहुण्यांचा हात.

ती ही नव्हती. ही कशी असेल? पाहुणे आले तेव्हा ही पेपर लिहीत होती. त्यांना पाहुण्यांसोबतचा एक फोटो हवा होता आणि त्यात जी मुलगी सापडली ती त्यांनी लावली. अख्खा हंगाम त्या भट्टीवर ढोलकी वाजवूनही त्यांच्यातल्या एकालाही फरक कळला नव्हता.

तिचा बाप थांबला. हवेत बोट फिरवत, एकेक अक्षर लावत त्यानं वाचलं. 'निवड' आणि 'अभिनंदन' त्याला लागले. मग त्यानं फोटो निरखून पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आरं, ही तर आमच्या शेजारची! आमच्या लगतच्या झोपडीतली!" तो माझ्याकडे वळला. "हिचा बी नंबर लागला का ताई?"

ती मुलगी मला माहीत होती. ती कुठल्याच शाळेत जात नव्हती, तिच्या कडेवर कायम धाकटा भाऊ असायचा. माझ्या वर्गाला ती लांबून उभी राहून बघायची आणि भाऊ रडला की निघून जायची. मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यानं फोन लावलाही होता.

"आरं, कुठं हायस? तुझी पोरगी झळकायली बघ चौकात! नंबर लागला तिचा! दोघी संगंच जायच्या आता! न्हाई न्हाई, खरंच सांगायलोय, ताई हायत इथं, इचार त्यांना."

त्यानं हसत फोन माझ्या हातात दिला. पलीकडे विटांचा खणखणाट होता आणि एक माणूस धापा टाकत विचारत होता, "ताई, पोरीसंगं सामान काय काय द्यावं लागंल?"